पेणचा सेफर, रोह्याची दहा माणसं

आमच्या रोह्याच्या मशिदीतला सेफर बाद झाला, तेव्हा बायको जाऊन वर्ष भरायला थोडेच दिवस राहिले होते. अडचण यायची ती अशीच वेळ बघून येते.

आधी सांगून टाकतो. मशीद म्हणजे आमची, बेने इस्रायल लोकांची. आमची जुनी माणसं मशीदच म्हणत आली, मीही तेच म्हणतो. मुंबईची शिकलेली मंडळी सिनेगॉग म्हणतात आणि माझं बोलणं ऐकून हसतात. हसू दे. सेफर म्हणजे आमच्या तोराची गुंडाळी. कातड्यावर हाताने लिहिलेली, दोन लाकडी दांड्यांना गुंडाळलेली, वरून कापडाचा झगा घातलेली, मशिदीतल्या पवित्र कपाटात उभी ठेवलेली. त्या कपाटाला आम्ही हेखाल म्हणतो. सेफरातलं एक अक्षर जरी गेलं तरी सगळा सेफर बाद. मग त्यातून वाचायचं नाही. आणि ते अक्षर नीट करणारा माणूस अख्ख्या कोकणात नाही.

शनवारी वाचन चाललं होतं. आमचा हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, चांदीच्या बोटाने ओळीवरून पुढे जात होता. ते बोट एका जागी थांबलं. त्याने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"गेलं," म्हणाला.

"काय गेलं?"

"अक्षर गेलं, काका. ओल लागून शाईचा पोपडा उडालाय."

"मग ते सोड, पुढचं वाच."

"असं चालत नाय."

मी चौथी नापास माणूस. आयुष्य भातगिरणीच्या पट्ट्याजवळ उभा राहून काढलं, त्यात एक कान गेला. मला काय चालतं नि काय नाय ते कळत नाही. पण एवढं कळलं, की आता बायकोच्या दिवशी सेफर उघडणार नाही.

आमची ही जाऊन वर्ष होत होतं. आमच्या पंचांगाप्रमाणे तिथी येत होती गुरुवारी. सेफर उघडतात सोमवारी, गुरुवारी आणि शनवारी, म्हणजे दिवस तरी नीट आला होता. त्या दिवशी सेफर उघडणार, हझान तिचं नाव घेऊन आत्म्याच्या शांतीची हश्काबा म्हणणार, मी घरच्याने म्हणायचा कद्दिश म्हणणार. मेलेल्या माणसासाठी आम्ही एवढंच करतो. जास्त काय करणार? ती त्या मशिदीत बायकांच्या बाकावर खांबाजवळ बसायची. सेफराचा झगासुद्धा तिनेच शिवला होता, स्वतःच्या जांभळ्या रेशमी साडीचा. मला दुसरीकडे कुठे वाचन नको होतं. तिच्या खांबासमोर पाहिजे होतं.

इस्रायलहून मुलाचा फोन आला. म्हणाला, "बाबा, मी इथे वाचून घेतो. इथे माणसांची कमी नाही. तुम्ही कशाला धावपळ करता?"

मी म्हटलं, "ती तिथे कधी आली होती काय? तिला तिथला रस्ता तरी माहीत हाय काय?"

मी फोन ठेवला. त्याचंही बरोबर असेल, पण बरोबर बोलणाऱ्यांचा मला त्या वर्षात फार कंटाळा आला होता. बाहेरून येणारे पाहुणेही तसलेच. येतात, मशिदीचे फोटो काढतात, किती सुंदर, किती सुंदर म्हणतात. सेफराचं सांगितलं की, "आम्ही नक्की बघतो." अजून बघतायत.

पेणच्या मशिदीत चांगले सेफर आहेत. पण तिथे शनवारी उघडायला माणसं नाहीत. सेफर उघडायला दहा बाप्ये लागतात, नऊ चालत नाहीत. पेणला साध्या शनवारी सहा-सात जमतात. बसतात, स्तोत्रं म्हणतात, हेखालाकडे बघतात नि घरी जातात. आमच्याकडे रोह्याला, अष्टमी गावचे दोघे भाऊ आणि शेजारच्या वरशातले आम्ही धरून, ओढूनताणून दहा होतात. म्हणजे त्यांच्याकडे सेफर, आमच्याकडे माणसं. दोघांची मिळून एक मशीद होते. आणि मुकादम, म्हणजे मशिदीचे कारभारी, दोन.

पेणचा मुकादम माझ्याच वयाचा. गुडघे गेलेले, आवाज शाबूत. हझानला घेऊन मी त्याच्याकडे गेलो. चहा झाला, त्याच्या बायकोने चवळीची उसळ आणून ठेवली, मग मी विषय काढला. तो एकदम ताठ बसला.

"सेफर काय परात हाय काय? लग्नाला नेली, घासून परत दिली?"

"अवो, आपलेच लोक ना आपण?"

"आपलेच. खाडीकडच्या गावातले सेफर असेच आपल्याच लोकांनी नेले. तेव्हा पण चार दिवसांसाठीच म्हणाले होते. कुठे गेले ते? दाखव मला."

गावं रिकामी झाली, सेफर उचलले गेले. कुठले कुठे गेले, कोणाला ठाऊक नाही. तो घाबरत होता ते उगाच नव्हतं. पण माझी बायको गेली होती, त्याची उसळ वाढत होती. मला त्याची कीव कशाला येईल?

मी म्हटलं, "उघडत तर नाय तुम्ही. नुसते राखत बसलाय. आमच्याकडे आला तर चार शब्द वाचले तरी जातील."

हझानने मला चिमटा काढला. आतून त्याच्या बायकोने आवाज दिला, "अवो, देऊन टाका. भावजी काय पळून जातायत?"

"तू गप गो!" मुकादम ओरडला. मग गुडघे चोळले आणि म्हणाला, "देतो. पण रीत पाळायची. एका वाचनासाठी सेफर हलवत नाहीत. तो काय नोकर हाय, हाक मारली की यायला? जिथे नेला तिथे तीनदा तरी वाचायचा, मगच परत. तीन वाचनं झाल्याशिवाय मी तो हेखालात घेणार नाय. आणि न्यायला मीच येणार. दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचा नाय."

हझानने लगेच हिशेब मांडला. शुक्रवारी आणायचा. शनवारी पहिलं वाचन, सोमवारी दुसरं, गुरुवारी तिसरं. गुरुवार म्हणजे हिचा दिवस. मी मनातल्या मनात हो म्हणून टाकलं. तीन वेळा दहा माणसं जमवायची, हे काम किती जड आहे ते तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

शेजारच्या शेतकऱ्याची इको गाडी नेली. त्याची वालाची शेती आहे, गाडी तोच चालवतो. सेफर पांढऱ्या चादरीत गुंडाळून मी मांडीवर घेतला, बाजूला हझान. वडखळला ट्रकांची रांग लागलेली. माझे पाय बधिर झाले.

शेजारी म्हणाला, "काका, मागे आडवा ठेवा की. जागा हाय."

"तो आडवा ठेवत नाहीत. हे सामान नाय."

"माहीत हाय हो. दरवर्षी पेणहून गणपती असाच मांडीवर आणतो आम्ही." आणि खड्डा आला की तो गाडी अशी हळू घ्यायचा, की मागचे भोंगे वाजवायचे. थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्हाला दहा माणसं लागतात ना? कमी पडलं तर मला बोलवा. मी गप बसेन कोपऱ्यात."

"तू चालत नाहीस."

"का? आंघोळ करून येतो."

हझान हसला. मला हसू आलं नाही. हा आंघोळ करून यायला तयार, आणि ज्यांनी यायचं त्यांना सतरा कामं.

रोह्याला पोचलो. सेफर हेखालात आमच्या बाद सेफराशेजारी उभा केला. मला वाटलं, हिने शिवलेला झगा ह्याला घालून बघावा. घातला. पेणचा सेफर उंच. झगा मध्यावर येऊन थांबला, खाली सगळं उघडं.

हझान म्हणाला, "काका, बर्मुडा घातल्यासारखा दिसतोय."

काढला आणि आमच्या सेफराला परत घातला.

शनवारी दहा झाले. सोमवारी झाले, कारण माझ्या भाच्याची कंपनीतली सुट्टी सोमवारी होती. म्हणजे हिचाच भाचा, हिच्या भावाचा मुलगा. त्याला मी आठवडाभर फोन करत होतो. "गुरुवारी शिफ्ट बदल. तुझ्या आत्याचा दिवस हाय." "बदलतो मामा." "नक्की?" "नक्की, मामा. किती वेळा विचारताय?"

गुरुवारी पहाटेच मी मशिदीत जाऊन दिवे लावले. माणसं एकेक आली. आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, वाईट समजतात. दहा शब्दांची एक ओळ आहे, ती म्हणत एकेका माणसावर एकेक शब्द टाकायचा. ओळ संपली की दहा झाले. त्या रीतीपायी घोळ झाला. कोणी कोणाला मोजलंच नव्हतं. ज्याने त्याने धरून चाललेलं, बाकीचे आले असणार. हझानने प्रार्थना सुरू करायच्या आधी ओळ म्हटली. शेवटचा शब्द तोंडात आला आणि पुढे माणूस नव्हता.

त्याने पुन्हा म्हटली. पुन्हा तेच.

"भाचा कुठे हाय?"

फोन लावला. भाचा मशीनच्या आवाजात ओरडत होता, "मामा, रिलिव्हर आलाच नाय! सोडत नायत! तीनला सुटलो की येतो!"

"तीनला येऊन काय माती खायची काय? सकाळचं वाचन सकाळीच असतं."

"मामा, मी काय करू? नोकरी सोडू?"

मी फोन बंद केला. अष्टमीचे भाऊ जमिनीकडे बघत होते. एक म्हातारा म्हणाला, "थांबू थोडं. पेणचा मुकादम सेफर न्यायला येतोय ना आज? तो येईल. तोच दहावा."

मला ते सुचलंच नव्हतं. ज्याने सेफर द्यायला एवढे आढेवेढे घेतले त्याची वाट बघत आम्ही नऊ जण बसलो. हेखाल बंद. मी खांबाकडे बघत होतो. त्या बाकावर आता कोणी बसत नाही, हिची उशी तेवढी आहे. फोन लावला तर मुकादम म्हणाला, "एसटीत हाय. वडखळ सोडलं नाय अजून. ट्रक आडवा झालाय." पुन्हा लावला. "नागोठणं येतंय." पुन्हा लावला. "अरे, मी काय ढकलू काय गाडी? तुझ्या फोनने ती जोरात पळणार हाय?"

तो आला तेव्हा डोक्यावर ऊन आलं होतं. हझानने मान हलवली. वाचनाची वेळ गेली होती. एका म्हाताऱ्याला डोळे दाखवायला अलिबागला जायचं होतं, तो माझा हात दाबून निघून गेला.

मुकादम दारातच उभा. घामाने निथळलेला. "झालं वाचन? द्या सेफर. परतीची गाडी धरायची हाय."

"नाय झालं."

"नाय झालं म्हणजे?"

"तुम्ही वेळेत आला असता तर झालं असतं."

"मी? मी काय तुमच्या दहांत धरलेला होतो? तुम्ही सांगितलं होतं दहा होतात!"

"सेफर तुमचा, रीत तुमची, तीनदा वाचा म्हणालात तुम्ही!"

"रीत माझी? माझ्या बापाने घरी बसून काढली काय रीत?"

आम्ही दोघे देवाच्या दारात असे भांडलो, की समोरचा पंक्चरवाला काम सोडून बघायला आला. शेवटी हझानने दोघांना पाणी दिलं. म्हणाला, "मिनखाला या." मिनखा म्हणजे आमची तिसऱ्या प्रहरची प्रार्थना. गुरुवारी तेव्हा सेफर उघडत नाहीत, पण दहा झाले तर कद्दिश म्हणता येतो. सूर्य मावळेपर्यंत हिचा दिवस होता.

भाचा कंपनीच्या कपड्यांतच आला, तेलाचे हात घेऊन. डोळे लाल. माझ्याकडे न बघता मागच्या बाकावर बसला. मुकादम गुडघ्यावर हात देत पुढच्या बाकावर. हझानने ओळ म्हटली. शेवटचा शब्द मुकादमावर येऊन थांबला. तो पुटपुटला, "बघतोस काय? सुरू कर."

मी कद्दिश म्हटला. मला इब्री, म्हणजे हिब्रू, वाचता येत नाही, पाठ केलेला आहे, मराठी अक्षरांत लिहून हिनेच पाठ करून घेतला होता, माझी आई गेली तेव्हा. मध्ये एका जागी पुढचा शब्द आठवेना. मागून भाच्याने सांगितला. झालं. तिच्या दिवसाला कद्दिश मिळाला, सेफर नाही मिळाला. निम्मं काम. लोक म्हणाले, "झालं की, काका." मला झालं वाटत नव्हतं.

आता मुकादमाची पंचाईत. दोनच वाचनं झालेली. त्याच्याच रीतीने सेफर परत नेता येत नव्हता, आणि सेफर सोडून जायला तो तयार नव्हता. तिसरं वाचन शनवारी. म्हणजे मुक्काम. कुठे? माझ्याकडे, वरशाला. दुसरं कोण ठेवून घेणार त्याला!

हिच्या मागे माझ्या घरात कोणी राहायला आलं नव्हतं. मी बिरडं केलं. त्याने पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं.

"वाल नीट सोलले नायस. आणि मीठ कुठे हाय?"

"डबा समोर हाय. हात हायत ना?"

मग त्याच्या बायकोचा फोन. सकाळी, दुपारी, जेवताना. "गोळी घेतली काय? पंखा डोक्यावर नाय ना घेतला?" आणि हा, "व्हय गो, घेतली गो, जिवंत हाय मी," असं खेकसणार. मी दुसऱ्या खोलीत गेलो तरी ऐकू यायचं, चांगल्या कानाने. असं खेकसायला माणूस असणं म्हणजे काय, ते त्याला काय कळणार! एकदा त्याने फोन माझ्या हातात दिला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणते."

ती म्हणाली, "भावजी, ह्यांना रात्री भात देऊ नका." मग म्हणाली, "तुमच्या हिने मला एकदा झग्याचं माप विचारलं होतं, आमच्या सेफराचं. एक आमच्यासाठीपण शिवते म्हणाली होती. मी माप पाठवलंच नाय बघा. घरातल्या कामात राहून गेलं."

मी बरं म्हटलं.

शनवारी दहा झाले, मुकादम धरून. म्हणजे पेणचा माणूस धरून. नाहीतर तेव्हाही नऊच होते, कारण एकाच्या घरी ताप. सेफर बाहेर काढला. मुकादमाची नजर शेजारच्या आमच्या सेफरावर गेली.

"झगा कोणी शिवला?"

"आमच्या हिने."

त्याने कापडाची कड दोन बोटांत धरून बघितली. "बाद सेफराला एवढा चांगला झगा!"

"सेफर बाद झालाय. झगा नाय."

त्याने कड सरळ करून सोडली. वाचनाला हझानने मला सेफराजवळ बोलावलं. मग त्याने हिचं नाव घेतलं, तिच्या बापाच्या नावासकट, हश्काबा म्हटली. खांबाजवळची उशी तिथेच होती. दोन दिवस उशिरा का होईना, झालं. पण माझ्या डोक्यातून ते दोन दिवस काही जाईनात. अजून जात नाहीत. लोकांना वाटतं म्हातारा उगाच अडून बसतो. त्यांना म्हणावं, तुमच्या माणसाचा दिवस दोन दिवसांनी करून बघा.

रविवारी सेफर घेऊन पेणला गेलो. या वेळी तो मुकादमाच्या मांडीवर होता. वडखळला पुन्हा रांग. त्याचे गुडघे दुखत होते, दिसत होतं. मी म्हटलं, "द्या इकडे." तो म्हणाला, "नको." थोडं पुढे गेल्यावर स्वतःच दिला.

सेफर हेखालात ठेवला, पडदा ओढला, आणि तो मला म्हणाला, "पुढल्या शनवारी इकडे ये. मुंबईचे तिघे येतायत. तू आलास की दहा होतात. आमच्याकडे किती दिवस झाले सेफर उघडून, ठाऊक हाय तुला?"

"मी आलो तर आमच्याकडे नऊ होतात."

"मी होतोच ना तुमच्याकडे? माझ्या गुडघ्यांनी?"

हे असं आहे. एकमेकांचं ओझं उचला म्हणून सगळे सांगतात. पण पांघरूण एकच असलं की डोकं झाकायला गेलं तर पाय उघडे पडतात, हे कोणी सांगत नाही. माणसंच नाहीत. सेफर दिला घेतला तरी माणसं कुठून द्यायची घ्यायची? वाटेत नागोठण्याला एकच मशीद बांधा म्हटलं तर दोन्ही गावं माझा गळा धरतील. आणि मलाच ती नको आहे. तिथे हिचा खांब कुठे असणार?

शुक्रवारी मी पेणची एसटी धरली. जायच्या आधी हिच्या ट्रंकेतून तिची हिरवी साडी काढून पिशवीत घातली. मुकादमाच्या बायकोला म्हटलं, "माप घ्या. शिवणारी तुमच्याकडचीच कोणी बघा, मला येत नाय." तिने साडी घेतली आणि बराच वेळ घडीवरून हात फिरवत राहिली.

शनवारी पेणला दहा झाले. मुकादमाने ओळ म्हटली, शेवटचा शब्द माझ्यावर पडला. सेफर उघडला.

संध्याकाळी तारे दिसल्यावर आमच्या हझानचा फोन आला.

"काका, नऊच होतो. सेफर नाय तो नाय, कद्दिशपण नाय झाला. अष्टमीच्या भावांच्या बापाचं वर्ष होतं आज. दोघं तुमची वाट बघत होते."

मुकादम शेजारीच बसला होता, त्याला सगळं ऐकू गेलं. त्याने गुडघे चोळले, आत हाक मारली, "अगो, माझी पिशवी भर. रोह्याला जायचंय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सोमवारी त्यांच्या बापाचा कद्दिश करू. तुझा भाचा सुट्टीवर हाय ना? आणि बिरडं या वेळी मी करणार."